वहिवाट आणि कागद : सिलोनच्या चहामळ्यांतील रहिवासाचा प्रश्न

परदेशात स्थायिक होऊ पाहणाऱ्याला रहिवासाचा हक्क कसा मिळतो, असे विचारले तर सुशिक्षित माणूस पासपोर्ट, बँकेतील शिल्लक, नोकरीचे पत्र अशी यादी सांगतो. ही यादी खोटी नाही. पण ती ज्याच्या हाती आधीच कागद आहेत त्याची यादी आहे. ज्याला राबवून घेण्यासाठीच समुद्रापार नेले, त्याच्या रहिवासाचे काय होते? या प्रश्नाला सिलोनचे, म्हणजे आजच्या श्रीलंकेचे, उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी तेथल्या डोंगराळ भागात आधी कॉफी लावली आणि कॉफीवर रोग पडल्यावर चहा. मजूर आणले ते तामिळ मुलखातून. त्यांत परैयर, पल्लर, चक्किलियर या अस्पृश्य जातींचा भरणा मोठा होता. टोळी आणणाऱ्या मुकादमाला कंगाणी म्हणत. प्रवासखर्च आणि उचल मजुराच्या नावावर कर्ज म्हणून चढे. आपल्या ऊसतोड कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. एवढे कर्ज फेडल्यास या मजुरांना सोडू, अशी चिठ्ठी मळ्याचा साहेब लिहून देई. तिला ‘तुंडू’ म्हणत. ही पद्धत १९२१ साली कायद्याने बंद झाली. म्हणजे मजुराच्या वाट्याला जो कागद आला तो त्याच्या कर्जाचा होता, त्याच्या राहण्याचा नव्हता.

१९४७ च्या निवडणुकीत या मजुरांनी मतदान केले आणि आपले प्रतिनिधी संसदेत पाठवले. १९४८ च्या फेब्रुवारीत देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी नागरिकत्वाचा कायदा आला. देशात जन्मलेल्या माणसालाही वंशाने नागरिक ठरण्यासाठी एवढा जन्म पुरेसा नव्हता. त्याचा बापही तेथेच जन्मलेला हवा, नाहीतर आजा आणि पणजा तरी. कायद्याची भाषा सर्वांना सारखीच होती. सिंहली खेडुताकडेही पणजाच्या जन्माचा दाखला नव्हता. पण त्याला तो कोणी मागितला नाही. मळ्यातल्या माणसाला मागितला. समान शब्दांचा कायदा विषम कसा होतो, ते येथे दिसते.

१९४९ साली भारतीय व पाकिस्तानी रहिवाशांसाठी वेगळा कायदा झाला. १ जानेवारी १९४६ पूर्वी विवाहिताने सलग सात वर्षे आणि अविवाहिताने दहा वर्षे तेथे राहिल्याचे दाखवायचे. बायको व अज्ञान मुलेही तेथेच राहत असल्याचे सिद्ध करायचे. पोटापाण्याचे खात्रीचे साधन दाखवायचे. अर्जाची मुदत ५ ऑगस्ट १९५१ पर्यंत. त्याच वर्षी मतदानाच्या कायद्यातही बदल झाला आणि नागरिक नसलेल्यांचे मत गेले. कामगारांच्या संघटनेने आधी या अर्जांवर बहिष्कार टाकला, पुढे तो मागे घेतला. मग सुमारे २ लाख ३७ हजार अर्ज आले; त्यांत सव्वाआठ लाख माणसे होती. अखेर नागरिकत्व मिळाले ते सुमारे १ लाख ३४ हजारांना. उरलेले ना सिलोनचे, ना भारताचे.

१९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी कँडीला गेले, तेव्हा ही मुदत चालू होती. बुद्धाला मानणाऱ्यांचे बहुमत असलेल्या देशात हे घडले, हे सांगताना आपण बौद्धांनी संकोच करू नये.

३० ऑक्टोबर १९६४ रोजी शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांचा करार झाला. ९ लाख ७५ हजार माणसांपैकी सव्वापाच लाख भारताने घ्यायची, तीन लाख सिलोनने. उरलेल्या दीड लाखांची १९७४ साली निम्मी-निम्मी वाटणी झाली. ज्यांची वाटणी केली त्यांना कोणी विचारले नाही. तेथेच जन्मलेली माणसे ‘मायदेशी परत’ म्हणून भारतात उतरवली गेली. त्यांतली काही निलगिरीतल्या मळ्यांवर पुन्हा चहाच खुडू लागली. तेथे त्यांना सिलोनवाले म्हणू लागले.

२००३ साली श्रीलंकेने नवा कायदा केला. ३० ऑक्टोबर १९६४ पासून देशात कायम राहणारी भारतीय वंशाची व्यक्ती किंवा तिचा वंशज प्रतिज्ञापत्र देऊन नागरिक होऊ शकतो. थोड्याच दिवसांत सुमारे १ लाख ९० हजार लोकांना नागरिकत्व मिळाले. माणसे त्याच वस्तीतली, कागदांची टंचाई तीच. बदलला तो पुराव्याचा भार. आधी माणसाने सिद्ध करायचे होते. आता राज्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. ज्याला पन्नास वर्षे ‘गुंतागुंतीचा प्रश्न’ म्हटले गेले, त्याचा एवढा भाग एका कायद्याने सुटला. तरीही मळ्यातल्या अनेक कुटुंबांच्या नावावर आजही घरजागा नाही.

मी वस्त्यांवर जातीच्या दाखल्यांचे अर्ज भरून देण्याचे काम करतो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ची आणि भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ची रहिवासाची तारीख पाहिली जाते. त्या दिवशी ज्याचे पाल रस्त्याकडेला होते, त्याने कोणत्या गावाची नोंद आणायची? कोतवाल बुकात ज्याच्या जन्माची ओळ नाही आणि शाळेच्या पटावर ज्याच्या बापाचे नाव नाही, त्याला कचेरी तेच विचारते जे १९४९ साली मळ्यात विचारले गेले. नागरिकत्व आणि जातीचा दाखला या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे मला मान्य आहे. पण पुरावा मागण्याची रीत एकच आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. वस्तीतला प्रत्येक जुना कागद, मग तो हजेरीपटाचा तुकडा का असेना, जपून ठेवायला शिकवावे. कारण आजचा कायदा तोच मागतो. आणि ज्यांना कागद देणे व्यवस्थेने नाकारले त्यांच्याकडेच तो का मागता, हा प्रश्न जाहीरपणे विचारत राहावे. पहिल्या कामाने एका कुटुंबाचा अर्ज मंजूर होईल. दुसऱ्या कामाशिवाय कायदा बदलणार नाही.