मरळ खोट्या बेडकावर का झेपावते?

नागपूरच्या धरमपेठेतल्या बऱ्याच घरांतली मुलं आता अमेरिकेत आहेत. त्यांच्यापैकी कुणी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर पट्टेरी बास हातात धरून काढलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, की इकडून हमखास एक शेरा येतो : "तिकडचे मासे प्लॅस्टिकला फसतात. आपल्याकडे कणकेची गोळी नाहीतर गांडूळच लागतं."

हा फरक देशाचा नाही, माशाच्या आहाराचा आहे. आपण तळ्यावर बहुतेक वेळा रोहू, कतला, मिरगल यांच्यासाठी गळ टाकतो. कतला पाण्याच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो, रोहू शेवाळ आणि वनस्पतींवर जगतो, मिरगल तळाचा कुजलेला गाळ चिवडतो. पळणाऱ्या भक्ष्यामागे धावणं त्यांच्या स्वभावातच नाही, म्हणून त्यांना कणीक चालते आणि ल्यूर, म्हणजे हलणारं खोटं आमिष, चालत नाही. पण त्याच पाण्यात मरळ असते, शिंगाडा असतो. हे शिकारी आहेत. पट्टेरी बासही शिकारीच. तो अटलांटिकच्या किनाऱ्याने हिंडतो, वसंतात हडसन आणि डेलावेअर यांसारख्या नद्यांत अंडी घालायला चढतो आणि पुन्हा समुद्रात उतरतो. म्हणूनच तो नदीतही ल्यूरवर येतो आणि लाटा फुटतात त्या पट्ट्यातही. आपल्याकडे त्याच्या जवळचा म्हणावा असा मासा म्हणजे कोकणातला जिताडा. फक्त त्याचा प्रवास उलटा. तो खाडीत आणि नदीत वाढतो आणि विणीसाठी खाऱ्या पाण्याकडे जातो. विदर्भात समुद्र नाही, पण मरळ आहे, आणि ल्यूरवर मासा धरण्याचा खरा कस तीच पाहते.

"ल्यूर जितकं हुबेहूब, तितका मासा लवकर फसतो" असं दुकानात सांगतात आणि डोळे रंगवलेली महागडी खोटी मासळी गळ्यात मारतात. मरळ डोळ्यांनी बघते हे खरंच, पण गढूळ पाण्यात आणि कमळाच्या पानांखाली तिला रंगापेक्षा हालचाल आधी कळते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेषा असते. पाण्यातला बारीकसा थरथराटही त्या रेषेवर टिपला जातो. म्हणून मरळीसाठी सर्वात उपयोगी ठरतो तो साधा पोकळ रबरी बेडूक. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो जलपर्णीवरून, पानांवरून ओढला तरी अडकत नाही. तो पानावर टाकायचा, दोन-तीन झटके देऊन पुढे आणायचा आणि पानांच्या मधल्या मोकळ्या पाण्याशी आला की थांबवायचा. धडक बहुधा त्या थांब्यावरच बसते. पाणी फुटल्याचा आवाज होतो, बेडूक दिसेनासा होतो, आणि नवखा माणूस नेमका तिथेच चुकतो : दचकून लगेच दांडी उचलतो. पोकळ बेडूक तोंडात दाबला गेल्याशिवाय गळ बाहेर येत नाहीत. तेव्हा क्षणभर दम धरायचा, दोरीला माशाचं वजन लागलं की मगच जोरात ओढायचं. मरळीचं तोंड हाडकं आणि कडक असतं, शिवाय गळ लागताच ती वेलींत शिरते. म्हणून दांडी ताठ आणि विणलेली मजबूत दोरी हवी. खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा.

पावसाळ्याबद्दलची समजूत मात्र मला फार खटकते. "पावसात मरळ चवताळलेली असते, काहीही टाका, येते." येते हे खरं, पण ती भुकेने येत नाही. पावसाळा हा तिच्या विणीचा काळ. काठाजवळच्या गवतात ती जागा साफ करते. अंडी पाण्यावर तरंगतात आणि आईबाप तिथेच पहारा देतात. पिल्लं बाहेर पडली की लालसर-नारिंगी रंगाचा त्यांचा थवा एकत्र हिंडतो. हवा घ्यायला ती सारखी वर येतात, त्यामुळे पाण्याचा तेवढाच तुकडा आधणासारखा खदखदताना दिसतो. त्या थव्यावरून बेडूक ओढला की खालचा मोठा मासा तुटून पडतो, कारण तो बेडूक त्याच्या लेखी पिल्लं खायला आलेला शत्रू असतो. असा मासा धरण्यात कौशल्य काहीच नाही. आणि तो उचलला की उघडी पडलेली पिल्लं बघता बघता इतर माशांच्या आणि पाणपक्ष्यांच्या तोंडी जातात. राज्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते, हे आपण सगळे जाणतो. तळ्यातली मरळही त्याच सुमारास वीण घालते. नारिंगी थवा दिसला, की तिथे ल्यूर टाकूच नये.

"मरळ पाण्याबाहेर तासन् तास जगते, मग फोटो काढून सोडली तर काय बिघडतं?" मरळीला कल्ल्यांच्या वर हवेतून श्वास घेण्याची एक खास पोकळी असते, ओल्या पोत्यात गुंडाळलेली मरळ बाजारात जिवंत दिसते ती त्यामुळेच. हवेवाचून तिचं भागतच नाही. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलेली मोठी मरळ चक्क गुदमरून मरते. पण श्वास चालू आहे म्हणजे इजा झाली नाही, असं होत नाही. कोरड्या हाताने धरताना किंवा तापलेल्या दगडावर ठेवताना तिच्या अंगावरचा चिकट थर निघून जातो आणि तिथे बुरशी धरते. सोडायचीच असेल तर हात ओले करावेत, गळाच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून ठेवावा आणि फोटो पाण्यालगत काढावा. या बाबतीत ल्यूर गांडुळापेक्षा बरं : आमिष मासा पोटापर्यंत गिळतो, ल्यूरचा गळ बहुतेक ओठालाच लागतो. अमेरिकेत 2021 पासून पट्टेरी बाससाठी नैसर्गिक आमिष वापरताना गोल वळलेला गळ सक्तीचा झाला, तो याच कारणाने.

"लहान सोडा, मोठा न्या" हा नियमही सरसकट लागू पडत नाही. पट्टेरी बासमध्ये सर्वात मोठे मासे बहुतेक माद्या असतात. या माशाची संख्या इतकी घसरली होती की मेरीलँड राज्याने 1985 ते 1990 अशी पाच वर्षं तो पकडणंच बंद ठेवलं. 2023 मध्ये अटलांटिकच्या समुद्रकिनाऱ्यावर हौशी गळवाल्यांना दिवसाला एकच मासा, तोही 28 ते 31 इंचांमधला, अशी मर्यादा आली. त्याहून मोठा मासा परत सोडायचा. आपला जिताडा तर नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे भला थोरला जिताडा ही बहुधा अंडी देणारी मादीच.

"तळं सरकारचं, विचारायचं कुणाला?" विचारायचं. बऱ्याच जलाशयांतली मासेमारी मत्स्य सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते, आणि तिथल्या ढिवर कुटुंबांचं पोट त्या माशांवर चालतं. तोतलाडोह जलाशयाचं पाणी पेंच राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे गळ टाकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि अंबाझरी. "मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं" हे वाक्य बांधावर फिरायला येणाऱ्यांच्या तोंडून मी किती तरी वेळा ऐकलं आहे. वाडीकडचं सांडपाणी या तलावात येतं, जलपर्णी माजते, पाण्यातला प्राणवायू घटतो. रोहू-कतला अशा पाण्यात तडफडून मरतात. मरळ मात्र वर येऊन हवेचा घोट घेते आणि टिकते. तिथे मरळ दिसणं हा पाणी शुद्ध असल्याचा दाखला नाही. उलट जिथे इतर मासे मरून फक्त मरळ आणि तिलापिया उरले असतील, तिथला मासा ताटात घेऊ नये.