बारा मॉलिब्डेनम, एक फॉस्फरस

निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार खरड छाटणीच्या आधी माती तपासायला देतात. अहवालात ‘उपलब्ध स्फुरद’, म्हणजे फॉस्फरस, असा एक रकाना असतो. तो आकडा एका निळ्या रंगावरून निघतो, आणि त्या रंगामागे रसायनशास्त्रातलं फार देखणं बांधकाम आहे. ते कोणी बांधत नाही, आपसूक उभं राहतं.

चुनखडीयुक्त काळ्या जमिनीसाठी ओल्सेन पद्धत वापरतात. माती सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अर्धा तास हलवून गाळतात. गाळलेल्या द्रावणात आम्ल टाकलं की ते फसफसतं. बुडबुडे शमल्यावर अमोनियम मॉलिब्डेट आणि क जीवनसत्त्व मिसळतात. काही मिनिटांत नळी निळी होते. स्फुरद जास्त, तर निळा गडद.

आता नळीच्या आत पाहू. मॉलिब्डेटमध्ये एका मॉलिब्डेनमभोवती चार ऑक्सिजन असतात. आम्लातले प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धन आयन, या ऑक्सिजनांना चिकटतात. दोन प्रोटॉन एक ऑक्सिजन घेऊन पाणी बनून निघून जातात, आणि उरलेले ऑक्सिजन शेजारच्या मॉलिब्डेनमना जोडू लागतात. मधोमध मातीतल्या स्फुरदाचं फॉस्फेट मिळालं की त्याच्याभोवती तीन-तीनच्या चार गटांत बारा मॉलिब्डेनम बसतात. हिशेब चोख आहे: 1 फॉस्फेट, 12 मॉलिब्डेट आणि 24 प्रोटॉन एकत्र येतात, पाण्याचे 12 रेणू बाहेर पडतात आणि 40 ऑक्सिजनांचा गोलसर पुंजका उरतो. रुंदी जेमतेम एक नॅनोमीटर. दर वेळी हाच आकार का? कारण आम्लात हे बंध सतत जुळतात आणि तुटतात. चुकीचा जोड टिकत नाही, पक्का टिकतो. क जीवनसत्त्व या पुंजक्याला इलेक्ट्रॉन देतं, ते मॉलिब्डेनमांमध्ये फिरत राहतात आणि रंग निळा दिसतो.

स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने या कुळातलं पिवळं संयुग 1826 मध्ये पाहिलं होतं. रचना मात्र केगिन या संशोधकाने क्ष-किरणांनी उलगडली ती 1933 मध्ये. पुढे जर्मनीत बीलेफेल्डला आखिम म्युलर यांच्या गटाने मॉलिब्डेनमचीच 154 अणूंची चाकं आणि 132 अणूंचे पोकळ गोळे मिळवले. त्या गोळ्यांना 20 छिद्रं असतात.

आपल्याला हवा आहे तो 40 ऑक्सिजनांच्या पुंजक्यांचा घनपदार्थ, कारण तो प्रोटॉन वाहून नेतो. मोठे गोलसर पुंजके स्फटिकात रचले की मध्ये फटी राहतात आणि त्यांत पाणी भरतं. पुंजक्याचा ऋणभार 40 ऑक्सिजनांवर पसरलेला असल्याने तो प्रोटॉनला घट्ट धरत नाही. सुटा झालेला प्रोटॉन फटीतल्या पाण्यातून पुढे जातो. स्लॅब पडताना घमेली हातोहात पुढे जातात, माणसं जागेवरच असतात, तसंच इथे. फरक एवढाच, की पाण्याचा रेणू एक प्रोटॉन घेतो आणि पुढच्याला स्वतःचा दुसराच देतो. या कल्पनेचं मूळ रूप ग्रोटहुस या रसायनशास्त्रज्ञाने 1806 मध्येच मांडलं होतं. जपानी संशोधकांनी 1979 मध्ये फॉस्फोटंग्स्टिक आम्लाचा, म्हणजे मॉलिब्डेनमच्या जागी टंग्स्टन असलेल्या याच रचनेचा, भरपूर पाणी धरलेला स्फटिक मोजला. खोलीच्या साध्या तापमानाला त्याची वाहकता प्रति सेंटिमीटर सुमारे 0.2 सीमेन्स भरली. घनपदार्थासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

खरी अडचण यापुढे आहे. हे आम्ल पाण्यात झटकन विरघळतं आणि कोरड्या हवेत स्फटिकातलं पाणी सोडतं; पाणी गेलं की वाट बंद. म्हणून पुंजके धातूच्या आयनांनी किंवा सेंद्रिय दुव्यांनी एकमेकांना बांधून सच्छिद्र जाळी करतात. जाळी विरघळू नये, पण छिद्रांत पाणी धरून ठेवावं. माझ्या मते या क्षेत्रातलं सगळं कसब इथेच लागतं. उपयोग आहे तो हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटाच्या पडद्यात. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांची हायड्रोजन बस दाखवण्यात आली. तिच्या इंधनघटातही प्रोटॉन पडद्यातूनच पलीकडे जातात.

अशा नव्या पदार्थाची बातमी वाचाल तेव्हा वाहकतेच्या आकड्याशेजारी तापमान आणि आर्द्रता शोधा. ती दिलेली नसतील, तर त्या आकड्यावर विसंबू नका.