खाडीच्या चिखलातील शाळा

खाडीकाठी गुडघाभर चिखल असतो. भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा तेथे शिरते आणि दोनदा ओसरते. अशा ओल्या जागेला पाणथळ जागा म्हणतात. "ही जागा काय कामाची? ना भात, ना गवत!" असे आपण बोलतो. मुले ते ऐकतात.

ओहोटी असताना मुलांना एकदा काठावर न्या. भरतीची वेळ मात्र आधी विचारून घ्या.

तिवराच्या पानावरून मुलाला बोट फिरवू द्या आणि ते जिभेला लावू द्या. खारट लागते ना? खाऱ्या पाण्यातले बरेचसे मीठ तिवराची मुळे बाहेरच अडवतात. जे आत शिरते, ते झाड पानांवाटे बाहेर टाकते.

झाडाभोवती पेन्सिलीएवढे खुंट वर आलेले दिसतील. मुले म्हणतात, ही नवी रोपे. पण ती मुळे आहेत! चिखलात हवा नसते, म्हणून मुळे वर येऊन श्वास घेतात. त्यांच्यावर भराव टाकला की झाड गुदमरून वाळते.

कांदळाला शेवग्याच्या शेंगेसारखे काही लोंबते. तेथे बी झाडावरच रुजलेले असते. ते तयार होऊन खाली पडते आणि चिखलात रुतते. नाहीतर पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन रुजते. सुटे बारीक बी असते तर भरतीने केव्हाच वाहून नेले असते.

आणि निवटी पाहा. मासा असून चिखलावर उड्या मारते! ती कल्ल्यांत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. आम्ही शाळेतल्या मुलांना खाडीवर नेत असू, तेव्हा निवटी दिसली की धडा तेथेच थांबे.

मुले विचारतील, "यांना हे कोणी शिकवले?" कोणी नाही. झाडाने ठरवूनही केले नाही. खारजमिनीतल्या भाताचे पाहा. खारे पाणी शिरले की पुष्कळ रोपे मरतात. जी तगतात, त्यांचेच बी पुढल्या साली पेरले जाते. तसेच येथे झाले. जे तगले, त्यांचीच संतती वाढली. अशा हजारो पिढ्या गेल्या. म्हणून भराव टाकल्यावर, "निवटी जाईल दुसरीकडे" असे म्हणू नये. कोरड्या जागेत ती जगणार नाही.

तिवरांच्या मुळांत कोळंबीची आणि माशांची पिले आसरा घेतात. मग कोळ्याच्या जाळ्यात काही येते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर तिवरतोडीला मनाई केली. तरी सरपणासाठी कोयता चालतोच.

तिवरे लाटांचा जोर मोडतात. परतताना मुलांना खारबांधावरून आणा. बांधासमोर तिवरे कोठे आहेत नि कोठे तोडली आहेत, ते दाखवा. मग माती कोठे अधिक खचली, ते त्यांनाच शोधू द्या. आपण आधी सांगू नये.