रॅम घेण्याआधी लॅपटॉपला विचारा!

एकलहऱ्याच्या मातोश्री इंजिनीअरिंगला आहात? सबमिशन तोंडावर आलंय आणि ४ जीबीचा लॅपटॉप चार टॅब उघडले की मान टाकतोय? नव्यासाठी घरी कुठल्या तोंडाने पैसे मागायचे! रॅम वाढवणं हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय. फक्त नाशिक रोडचं दुकान गाठण्याआधी एवढं तपासाच.

जागा आहे का? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी. ‘स्लॉट्स यूज्ड’पुढे दोनपैकी एक दिसलं, तर बहुधा एक स्लॉट रिकामा आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर सावध! ती रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, बदलता येत नाही. जादा स्लॉट आहे का, ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. जास्तीत जास्त किती जीबी चालते, तेही तिथेच कळेल.

पिढी कोणती? सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर ते सांगतं. लॅपटॉपच्या डीडीआर३ला २०४ पिना, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. खाचाही वेगळ्या. बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर३मध्ये आणखी एक मेख आहे : साधी १.५ व्होल्टची, ‘एल’वाली १.३५ची. ‘एल’ मागणाऱ्या लॅपटॉपला साधी देऊ नका.

स्पीड? दोन वेगळ्या स्पीडच्या रॅम जोडल्या, तर दोन्ही सहसा कमी स्पीडनेच चालतात. म्हणून महागडी घेण्यात अर्थ नाही.

निघताना जुन्या रॅमच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. आणि ‘नाही चालली तर बदलून देणार ना?’ हे पैसे देण्याआधी विचारा, नंतर नाही!