गेम कन्सोल, सततजोडणीचे : खाजगीपणा व ग्राहकहक्क

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरच्या घरी व्हिडिओ खेळ खेळण्यासाठी वापरण्यात येणारे संगणकीय यंत्र म्हणजे गेम कन्सोल. यांपैकी जी यंत्रे इंटरनेटद्वारे उत्पादक कंपनीच्या सर्व्हरशी कायम जोडलेली राहतात आणि वापरात नसतानाही पूर्णतः बंद न होता अर्धजागृत अवस्थेत असतात, त्यांना सततजोडणीचे कन्सोल म्हणता येईल. अशा यंत्रांमुळे दोन प्रश्न उपस्थित झाले आहेत. घरात घडणाऱ्या गोष्टींची किती माहिती यंत्राने टिपावी व बाहेर पाठवावी, हा खाजगीपणाचा प्रश्न होय. पूर्ण किंमत मोजून घेतलेली वस्तू विक्रीनंतर कोणाच्या ताब्यात राहते, हा ग्राहकहक्काचा. वरवर पाहता हे प्रश्न वेगळे दिसतात. परंतु दोहोंचे मूळ एकच आहे. विक्री झाल्यानंतरही यंत्र व उत्पादक यांच्यातील दुवा तुटत नाही आणि त्या दुव्याच्या अटी प्रामुख्याने उत्पादकच ठरवतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेत १९७२ मध्ये विक्रीस आलेला मॅग्नाव्हॉक्स कंपनीचा ‘ओडिसी’ हा पहिला गृहोपयोगी गेम कन्सोल मानला जातो. त्यानंतर सु. पाव शतक कन्सोल हे इतर घरगुती उपकरणांप्रमाणेच स्वयंपूर्ण यंत्र होते. खेळाचे कार्ट्रिज अथवा तबकडी यंत्रात घातली की खेळ सुरू होई. ती तबकडी मित्राला उसनी देता येई, जुन्या मालाच्या दुकानात विकता येई किंवा धाकट्या भावंडांसाठी जपून ठेवता येई. या व्यवहारांची उत्पादकाला खबरही नसे.

सेगा या जपानी कंपनीने १९९८ मध्ये ‘ड्रीमकास्ट’ या कन्सोलमध्ये मोडेम बसविला, तर मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने २००२ मध्ये ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही सशुल्क सेवा सुरू केली. यामुळे दूरदूरच्या खेळाडूंना एकत्र खेळता येऊ लागले, खेळातील दोष विक्रीनंतरही दुरुस्त करता येऊ लागले आणि पुढे संपूर्ण खेळ इंटरनेटवरून उतरवून घेण्याची सोय झाली. हे लाभ खरे होते व ग्राहकांनी त्यांचे स्वागतच केले. मात्र त्यांच्याबरोबर प्रत्येक ग्राहकाचे खाते, त्याच्या खरेदीची नोंद व त्याच्या खेळण्याचा तपशील कंपनीकडे साठू लागला.

यंत्राचे कार्य : अर्धजागृत अवस्थेत कन्सोलचा पडद्याशी संबंधित भाग बंद असला, तरी जाळ्याशी संपर्क ठेवणारा भाग चालू असतो. या अवस्थेत यंत्र नवी आज्ञावली उतरवून घेते, संदेश स्वीकारते व खात्याची वैधता तपासते. नेहमीच्या वापरात कोणता खेळ किती वेळ खेळला, कोणाबरोबर खेळला, कोणती खरेदी केली, यंत्रात कोणता बिघाड झाला इ. माहिती सर्व्हरकडे जाते.

कॅमेरा व मायक्रोफोन यांची भर पडल्यावर या माहितीचे स्वरूप बदलले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१० मध्ये एक्सबॉक्स ३६० साठी ‘किनेक्ट’ हे संवेदक उपकरण विक्रीस आणले. त्यात रंगीत कॅमेरा, अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंतर मोजणारी यंत्रणा व चार मायक्रोफोन होते. खेळाडूच्या हातात कोणतेही साधन नसताना त्याच्या हालचाली व बोलणे यांवरून खेळ चालविणे, हा त्याचा उद्देश होता. २०१३ मधील सुधारित किनेक्ट अंधारातही माणसे ओळखू शके व चेहऱ्याच्या निरीक्षणावरून हृदयाच्या ठोक्यांचा अंदाज बांधू शके.

एक्सबॉक्स वन प्रकरण : या विषयातील सर्वांत बोधप्रद उदाहरण ‘एक्सबॉक्स वन’ या कन्सोलचे होय. २१ मे २०१३ रोजी अमेरिकेतील रेडमंड येथे त्याची घोषणा झाली. किनेक्ट जोडल्याशिवाय हा कन्सोल चालणार नव्हता आणि अर्धजागृत अवस्थेतही तो ‘एक्सबॉक्स ऑन’ या शब्दांची वाट पाहत ऐकत राहणार होता. ६ जून २०१३ रोजी कंपनीने तपशीलवार अटी प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार कन्सोलने दर २४ तासांतून एकदा सर्व्हरशी संपर्क साधणे आवश्यक होते. दुसऱ्याच्या कन्सोलवर आपले खेळ खेळायचे असल्यास दर तासाला. संपर्क न झाल्यास दूरचित्रवाणी व चित्रपटांच्या तबकड्या पाहता येणार होत्या, खेळ मात्र थांबणार होते. खेळाची पुनर्विक्री होऊ द्यावी की नाही, हे प्रकाशक ठरविणार होता. खेळ मित्राला द्यायचा झाल्यास तो मित्र निदान ३० दिवस आपल्या यादीत असावा व एक खेळ एकदाच देता यावा, अशीही अट होती. त्याचबरोबर कुटुंबातील १० व्यक्तींपर्यंत खेळांचा संग्रह सामाईक वापरण्याची सवलतही देऊ केली होती.

योगायोगाने त्याच दिवशी द गार्डियन व द वॉशिंग्टन पोस्ट या वृत्तपत्रांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या ‘प्रिझम’ या माहितीसंकलन कार्यक्रमाचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यात उल्लेखिलेल्या कंपन्यांमध्ये मायक्रोसॉफ्टही होती. त्यापूर्वीच जर्मनीचे तत्कालीन संघीय माहिती-संरक्षण आयुक्त पेटर शार यांनी या कन्सोलविषयी जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती. खोलीत किती माणसे कार्यक्रम पाहत आहेत हे कॅमेऱ्याने मोजून त्यानुसार परवाना ठरविण्याची कल्पना मांडणारा मायक्रोसॉफ्टचा एक एकस्व-अर्ज २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला होता, त्याचीही चर्चा झाली. कंपनीने संभाषण ध्वनिमुद्रित केले जात नाही वा बाहेर पाठविले जात नाही, असा खुलासा केला. तथापि यंत्राच्या आत काय चालते हे ग्राहकाला स्वतः पडताळून पाहता येत नसल्यामुळे संशय फिटला नाही.

१० जून २०१३ रोजी प्रतिस्पर्धी सोनी कंपनीने ‘प्लेस्टेशन ४’ ची किंमत ३९९ डॉलर जाहीर करून तबकडीवरील खेळांच्या पुनर्विक्रीवर आपण बंधन घालणार नाही, असे सांगितले. एक्सबॉक्स वनची किंमत ४९९ डॉलर होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी एक्सबॉक्स ३६० उपलब्ध आहे, अशा आशयाचे मायक्रोसॉफ्टच्या विभागप्रमुखांचे, डॉन मॅट्रिक यांचे उद्‌गार विशेष टीकेचे धनी झाले. अखेर १९ जून रोजी दैनंदिन संपर्काची व पुनर्विक्रीची बंधने मागे घेण्यात आली. त्यांबरोबर कुटुंबासाठीची सवलतही गेली. ऑगस्टमध्ये किनेक्ट जोडण्याची सक्ती रद्द झाली. जून २०१४ मध्ये किनेक्टविरहित कन्सोल ३९९ डॉलरला विक्रीस आला आणि २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादनच थांबले.

खाजगीपणाचे प्रश्न : घरातील यंत्राच्या बाबतीत संमती ही कल्पना अपुरी पडते. खाते उघडणारा एक जण अटी मान्य करतो. परंतु कॅमेऱ्यासमोर वा मायक्रोफोनच्या टप्प्यात येणारी वडीलधारी माणसे, मुले, पाहुणे व घरकामास येणाऱ्या व्यक्ती यांना कोणीच काही विचारलेले नसते. शिवाय संमती नाकारल्यास विकत घेतलेले यंत्र निरुपयोगी होत असेल, तर ती संमती खुषीची म्हणता येत नाही.

यंत्र केवळ ठराविक शब्द ऐकते, हे विधानही पूर्ण नसते. ठराविक शब्द बोलला गेल्याचा चुकीचा समज होऊन यंत्र जागे होऊ शकते. एक्सबॉक्सवर दिलेल्या आवाजी आज्ञांचे काही नमुने, त्यांत असे चुकून टिपलेले बोलणेही, गुणवत्ता-तपासणीसाठी कंत्राटी कामगारांकडून ऐकले जात होते, असे वृत्त ऑगस्ट २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

साठविलेल्या माहितीचा दुसरा धोका चोरीचा होय. एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कवर हल्ला होऊन सु. ७.७ कोटी खात्यांतील नावे, पत्ते, जन्मतारखा, संकेतशब्द इ. माहिती उघडी पडली. सेवा २० एप्रिल रोजी बंद करण्यात आली. माहिती चोरीस गेल्याचे ग्राहकांना २६ एप्रिल रोजी कळविण्यात आले. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने जानेवारी २०१३ मध्ये सोनीच्या यूरोपीय कंपनीला २.५ लाख पौंड दंड केला. मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. पालकांच्या योग्य संमतीवाचून १३ वर्षांखालील मुलांची माहिती एक्सबॉक्सच्या नोंदणीत गोळा केली व ठेवून घेतली, या आरोपावरून मायक्रोसॉफ्टने जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून २ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

ग्राहकहक्कांचे प्रश्न : कॉपीराइट असलेली वस्तू एकदा विकली गेल्यावर त्या प्रतीच्या पुढील विक्रीवर मूळ मालकाचे नियंत्रण राहत नाही, हे ‘प्रथम विक्री’चे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ मध्ये एका पुस्तकविषयक खटल्यात मान्य केले. पुस्तके भाड्याने देणारी व जुनी पुस्तके विकणारी दुकाने याच तत्त्वावर उभी आहेत. संगणकीय आज्ञावली ‘विकली’ जात नाही, तर तिच्या वापराचा ‘परवाना’ दिला जातो, अशी मांडणी करून उत्पादकांनी हे तत्त्व टाळले. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२ मध्ये उतरवून घेतलेल्या आज्ञावलीच्या पुनर्विक्रीस अनुकूल निर्णय दिला. परंतु खेळांना तो लागू होत नाही, असे पॅरिसच्या अपील न्यायालयाने २०२२ मध्ये ठरविले.

विक्रीनंतर वस्तूचे गुणधर्म बदलता येणे, हा सततजोडणीचा आणखी एक परिणाम होय. प्लेस्टेशन ३ वर लिनक्ससारखी अन्य कार्यप्रणाली बसविण्याची सोय जाहिरातीत सांगितलेली होती. १ एप्रिल २०१० रोजीच्या नव्या आज्ञावलीने ती काढून टाकली. नवी आज्ञावली न स्वीकारणाऱ्यास सोनीच्या जाळ्यावर प्रवेश मिळेना. ग्राहकाला दोहोंपैकी एका सोयीवर पाणी सोडावे लागले. याविरुद्ध अमेरिकेत सामूहिक दावा झाला व तो अनेक वर्षांनी समझोत्याने मिटला.

सेवा बंद होण्याचा प्रश्न याहून व्यापक आहे. निन्टेन्डोने ‘वी’ या कन्सोलचे इंटरनेटवरील दुकान जानेवारी २०१९ मध्ये, तर मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० चे दुकान जुलै २०२४ मध्ये बंद केले. यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ मधील ‘द क्रू’ या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी थांबविताच, एकट्याने खेळू इच्छिणाऱ्यांनाही तो खेळता येईना. तबकडी हाती असूनही खेळ नाहीसा झाला. यातून निघालेल्या यूरोपीय नागरिकांच्या पुढाकार-अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून अधिक सह्या झाल्या.

अर्धजागृत यंत्राच्या विजेचा खर्चही ग्राहकावरच पडतो. १५ वॉट शक्तीने अखंड चालू असलेले यंत्र वर्षाला सु. १३० युनिट वीज वापरते. खेळ न खेळताही हे बिल येते, हे विक्रीच्या वेळी सहसा सांगितले जात नाही.

कायदेशीर उपाययोजना : यूरोपीय संघाचा सर्वसाधारण माहिती-संरक्षण विनियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. हेतू स्पष्ट करणे, आवश्यक तेवढीच माहिती घेणे व ती पुसून टाकण्याचा हक्क ही त्याची मुख्य सूत्रे होत. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजारपेठ प्राधिकरणाने २०१९ मध्ये आपोआप नूतनीकरण होणाऱ्या कन्सोल-वर्गण्यांची चौकशी सुरू केली आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट व सोनी यांच्याकडून ग्राहकहिताची लेखी आश्वासने मिळविली. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून, केवळ परवाना दिला जात असताना ‘खरेदी’ असा शब्द वापरणाऱ्या विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक झाले.

एक्सबॉक्स वन भारतात सप्टेंबर २०१४ मध्ये विक्रीस आला. म्हणजे २०१३ मधील वादाचा निर्णय येथील ग्राहकांनाही लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये अनुचित करार ही संकल्पना समाविष्ट झाली. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक असून मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती करण्यास मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले.

समालोचन : २०१३ मधील माघार हा ग्राहकांचा विजय मानला जातो, परंतु तो मर्यादित होता. त्या अटी कोणत्याही कायद्याने बेकायदा ठरविल्या नव्हत्या. प्रतिस्पर्ध्याने वेगळी वाट धरली म्हणून त्या मागे घेतल्या गेल्या. २०१९ मध्ये तबकडीची सोयच नसलेला एक्सबॉक्स वन व २०२० मध्ये त्याच धर्तीचे पुढील पिढीचे कन्सोल बाजारात आले. अशा यंत्रावरील खेळ उसना देता येत नाही वा विकता येत नाही. जे बंधन सक्तीने लादताना नाकारले गेले, ते सोय व सवलतीची किंमत यांच्या रूपाने पुष्कळ अंशी स्वीकारले गेले. म्हणून बाजारातील स्पर्धेवर सर्वस्वी विसंबून चालत नाही. कॅमेरा व मायक्रोफोन बंद करण्याची प्रत्यक्ष कळ, किती वर्षे सेवा चालू राहील याची विक्रीपूर्व हमी, सेवा संपल्यावर खेळ स्वतंत्रपणे चालविण्याची तरतूद आणि जोडणी नाकारल्यास कोणत्या सोयी उरतील याची स्पष्ट यादी, या किमान अपेक्षा होत. त्या पूर्ण झाल्या, तर जोडणीचे लाभ घेऊनही घर व घरातील वस्तू यांवरील ग्राहकाचा हक्क अबाधित राहू शकेल.