त्र्याऐंशी अंशांवर उकळणारे पाणी

विद्यार्थी मित्रहो, पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत केला असेल. पाणी खळखळा उकळू लागले, तापमापीतला पारा चढत गेला आणि ९८ अंश सेल्सिअसला येऊन थांबला. पाठ्यपुस्तकात तर १०० अंश दिलेले! मग वहीत तुम्ही काय लिहिलेत? खरे सांगा. पिंपरी, चिंचवड, चाकण भागातून आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलांच्या वह्या मी बरीच वर्षे तपासतो आहे. निम्म्याहून अधिक वह्यांत १०० हाच आकडा असतो. काही जण तर '९८ आले, दोन अंश तापमापीची चूक' अशी टीपही लिहितात.

तापमापीची चूक नाही, मित्रहो. तापमापी खरे सांगत होती. हे दोन अंश कुठे गेले, याचा शोध घेता घेता आपण आज हिमालयात पाच हजार मीटर उंचीवरच्या एका लॉजपर्यंत जाणार आहोत.

आपल्या डोक्यावर हवेचा एक प्रचंड थर आहे. त्याच्या वजनामुळे वातावरणाचा दाब निर्माण होतो. समुद्रकाठी हा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंच स्तंभाला तोलून धरतो. पाणी उकळते म्हणजे काय होते? पाण्याच्या आत तयार झालेल्या वाफेच्या बुडबुड्यांचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाइतका होतो आणि ते फुटून वर येतात. बाहेरचा दाब कमी असेल, तर हे काम कमी तापमानालाच होते. चिंचवड समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. तितकी हवा आपल्या पायांखाली राहिली, डोक्यावरची कमी झाली. म्हणून आपले पाणी ९८ अंशांवर उकळते. पुढचे कोष्टक पाहा. आकडे ढोबळ आहेत. हवामानानुसार ते थोडे मागेपुढे होतात.

मुंबई : समुद्रसपाटी, दाब ७६० मि.मी., उत्कलनबिंदू १०० अंश
चिंचवड : ५७० मीटर, ७१० मि.मी., ९८ अंश
कळसूबाई : १६४६ मीटर, ६२५ मि.मी., ९५ अंश
नामचे बाजार : ३४४० मीटर, ५०० मि.मी., ८९ अंश
लोबुचे : ४९४० मीटर, ४१० मि.मी., ८४ अंश
गोरक्षेप : ५१६४ मीटर, ४०० मि.मी., ८३ अंश

शेवटची तीन ठिकाणे नेपाळच्या खुंबू भागातली, एव्हरेस्टच्या पायथ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची आहेत. १९६४ साली एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने लुकला येथे विमानाची धावपट्टी झाली आणि ही वाट जगाला मोकळी झाली. पूर्वी शेर्पांच्या घरातच वाटसरूला जागा मिळे. आता त्या घरांच्या शेजारी लॉज उभी राहिली आहेत. आपल्याकडचे कितीतरी हौशी लोक आज तिथे जातात. आठवडाभर कारखान्यात पाळी करून रविवारी लोहगड-राजगड चढणारी मंडळी एकदा तरी 'बेस कॅम्प' पाहायचाच, असे ठरवून पैसे साठवतात.

काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात मीही अशाच एका गटाबरोबर गेलो. आम्ही पाच जण होतो. भोसरीच्या एका वर्कशॉपमधले तिघे, मी आणि अकरावीत शिकणारा माझा भाचा.

तिथल्या लॉजची रचना पाहण्यासारखी असते. मध्ये एक मोठी खोली, तिच्या बरोबर मध्यावर लोखंडी शेगडी आणि छपरातून बाहेर गेलेले धुराडे. भोवती भिंतीला लागून बाके. झोपायच्या खोल्या मात्र पातळ फळ्यांच्या आणि थंडगार! वरच्या भागात झाडे उगवत नाहीत, शिवाय तो सगळा परिसर १९७६ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. त्यामुळे शेगडीत याकच्या वाळलेल्या शेणी जाळतात. इंधन महाग, म्हणून शेगडी संध्याकाळी काही तासच पेटते. उंची एक किलोमीटर वाढली की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. चिंचवड आणि गोरक्षेप यांच्या उंचीत साधारण ४६०० मीटरचा फरक आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे ३० अंशांचा फरक! आपल्याकडे रात्री २३ अंश असतील, तर तिथे उणे ७. उशाशी ठेवलेल्या बाटलीतले पाणी सकाळी गोठलेले असते.

थंडी फार वाजते म्हणून कुणी पेटता स्टोव्ह बंद खोलीत नेला, तर मात्र जिवाशी गाठ असते. अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधीच प्राणवायूची टंचाई, त्यात हा चोर! तेव्हा मधल्या खोलीत ऊब घ्यावी, बाटलीत गरम पाणी भरून ती झोपायच्या पिशवीत घ्यावी आणि झोपावे.

आता स्वयंपाकघरात डोकावू. ८३ अंशांना पाणी उकळू लागले की कितीही जाळ करा, तापमान पुढे सरकत नाही. फक्त वाफ जास्त होते. अन्न शिजणे ही रासायनिक क्रिया आहे आणि तापमान दहा अंशांनी घटले की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो. चाकणच्या बाजारातला बटाटा तुमच्या घरी उघड्या पातेल्यात जितक्या वेळात शिजतो, त्याच्या दुपटीहून अधिक वेळ तिथे लागेल. डाळ तर तासन्‌तास दाद देत नाही. म्हणून प्रत्येक लॉजमध्ये प्रेशर कुकर असतोच. कुकरच्या शिट्टीचे वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एका वातावरणाइतका जास्त होऊ देते. 'बाहेरच्यापेक्षा' हा शब्द लक्षात घ्या. चिंचवडला कुकरमध्ये ११९ अंश तापमान मिळते, तर तोच कुकर गोरक्षेपला ११२ अंशांच्या आसपास थांबतो. तरीही ८३ पेक्षा ते कितीतरी बरे!

पिंपरीहून नेलेली वेफर्सची पाकिटे तिथे फुग्यासारखी टम्म फुगली होती. आतली हवा पिंपरीची, बाहेरची लोबुचेची. वर्कशॉपमधला एक जण म्हणाला, "सर, हा तर फुकटचा प्रेशर गेज झाला!" अगदी बरोबर होते त्याचे.

पाकीट फुगते, पाणी लवकर उकळते, ही झाली गंमत. पण हाच कमी दाब आपल्या शरीरालाही सोसावा लागतो. वर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी असते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. मुंबईत २१ टक्के आणि गोरक्षेपलाही २१ टक्केच. कमी होतो तो दाब. हवा श्वासनलिकेत शिरली की ती ओली होते आणि शरीराच्या ३७ अंश तापमानाला त्या वाफेचा दाब ४७ मि.मी. असतो. तेवढी जागा वाफेने अडवलीच. उरलेल्या दाबाचा २१ टक्के वाटा प्राणवायूचा. चिंचवडला हा वाटा (७१० - ४७) × ०.२१, म्हणजे १३९ मि.मी. होतो. गोरक्षेपला (४०० - ४७) × ०.२१, म्हणजे अवघा ७४. जवळपास निम्मा! एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ साली हवेचा दाब प्रत्यक्ष मोजला गेला. तो २५३ मि.मी. भरला. तिथला हिशेब तुम्हीच करून पाहा.

शरीर या टंचाईला तोंड देते, पण त्याला वेळ लागतो. आधी श्वास जलद आणि खोल होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्ताची आम्लता घटते. मेंदूतले श्वासाचे केंद्र लगेच 'पुरे' असा इशारा देते. म्हणूनच रात्री झोपेत श्वास भराभर चालतो, मग काही सेकंद थांबतो, मग पुन्हा दचकून सुरू होतो. शेजारी झोपलेल्याचा असा श्वास पहिल्यांदा ऐकताना माणूस घाबरून जातो. पुढे मूत्रपिंडे जास्तीचा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तोल सावरतो. या कामाला दोन-तीन दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे हवेत. यावरूनच नियम ठरला आहे : तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम हलवू नये. दिवसा वर जाऊन यावे, झोपायला खाली यावे. १९९८ साली एव्हरेस्ट चढलेले पुण्याचे सुरेंद्र चव्हाण असोत की २०१२ साली माथ्यावर पोहोचलेले 'गिरिप्रेमी'चे आठ गिर्यारोहक असोत, वर-खाली करत शरीराला सवय लावण्याचे हे काम कुणालाच चुकलेले नाही. सह्याद्रीत चढून पाय तयार होतात, रक्त तयार होत नाही. आपले सर्वांत उंच कळसूबाई शिखर नामचे बाजाराच्या निम्मेही उंच नाही.

हे सारे मला पाठ होते. तरीही चूक झाली.

लोबुचेच्या मुक्कामी भाचा जेवला नाही. "काय रे, डोके दुखते का?" मी विचारले. "नाही मामा, जरा दमलोय," तो म्हणाला. उद्या बेस कॅम्प, म्हणून सगळे खुशीत होते. मीही पुढे काही विचारले नाही. मध्यरात्री तो उठून बाहेर ओकला. तेव्हा कळले की आदल्या दिवसापासून त्याचे डोके ठणकत होते. "सांगितले असते, तर तुम्ही मला मागे ठेवले असते," तो म्हणाला.

मी त्याला जमिनीवरच्या फळीच्या सांध्यावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितले. तो सरळ चालला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तोल जाऊ लागणे ही मेंदूला सूज आल्याची खूण असते. बसल्या जागी धाप लागणे आणि खोकला येणे ही फुप्फुसात पाणी भरल्याची. दोन्हींत क्षणाचाही उशीर परवडत नाही. उजाडताच आम्ही दोघे खाली निघालो. पाच-सहाशे मीटर उतरून फेरिचे या गावी आलो. तिथे १९७३ साली स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचे दवाखाना-केंद्र आहे. डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "औषध तुम्ही आधीच घेतलेत. खाली आलात." संध्याकाळी पठ्ठ्याने दोन ताटे डाळभात खाल्ला!

खाली उतरणे शक्यच नसेल तर? त्यासाठी एक साधन आहे. माणूस मावेल अशी हवाबंद पिशवी, तिला पायाने चालवायचा पंप. आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे १०० मि.मी. वाढतो. गोरक्षेपच्या ४०० मध्ये १०० मिळवा आणि कोष्टक पुन्हा पाहा. रोगी गोरक्षेपलाच असतो, पण पिशवीतली हवा नामचे बाजाराची! ही पिशवी बनवणारे इगोर गॅमो हे प्रसिद्ध भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज गॅमो यांचे चिरंजीव. अर्थात, ही सोय तात्पुरती. खाली उतरणे हाच खरा उपाय.

आमचे तीन साथीदार बेस कॅम्प पाहून आले. भाच्याने आणि मी तो अजून पाहिलेला नाही. परतताना तो गप्प होता. मी त्याला म्हणालो, "अरे, तापमापी ९८ दाखवत असताना तू वहीत १०० लिहिलेस, एवढेच झाले. आणि मी ती वही न तपासताच सही केली." तो हसला.

मित्रहो, या सुट्टीत एक प्रयोग करा. चांगली तापमापी घेऊन घरी पाण्याचा उत्कलनबिंदू मोजा. कोकणात मामाकडे गेलात, महाबळेश्वरला सहलीला गेलात, तर तिथेही मोजा. मोठ्या माणसांना सोबत घ्या, वाफेपासून हात जपा. आणि वहीत जे दिसले तेच लिहा. पाठ्यपुस्तकाशी जुळले नाही, तर खोडरबर शोधू नका, कारण शोधा. प्रयोगशाळेत या सवयीने फार तर दोन गुण जास्त मिळतील. पाच हजार मीटरवर तिने जीव वाचतो.