रानपिंगळ्याचे रक्षण आणि सरड्यांच्या वाटा

दुर्मिळ पक्ष्याचे रक्षण म्हणजे त्याचे झाड राखणे आणि शिकारीस बंदी घालणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु भक्षक जगतो तो भक्ष्यावर. भक्ष्य घटले, तर कायद्याचे संरक्षण असूनही त्याची उपासमार होते. वाशीम जिल्ह्यातील कामरगावच्या उत्तरेस, अमरावती जिल्ह्यात पसरलेल्या मेळघाटातील रानपिंगळा हे याचे बोलके उदाहरण होय.

नामशेष मानलेला पक्षी

ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या लहानशा घुबडाची शास्त्रीय नोंद केली. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय पुरावा न मिळाल्याने तो नामशेष झाला असे मानले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. इतर घुबडांप्रमाणे तो केवळ रात्री शिकार करीत नाही, दिवसाही करतो. उन्हात वावरणारे सरडे व सापसुरळ्या त्यामुळे त्याच्या तावडीत सापडतात. त्याच्या आहारात त्यांचा वाटा सुमारे ६० टक्के, तर उंदरांचा १५ टक्के असल्याचे अभ्यासात आढळले आहे.

ये-जा का महत्त्वाची?

सरडा फार दूर जात नाही. मध्ये नांगरलेले शेत, रुंद रस्ता किंवा गच्च झाडी आली की दोन टापूंतील ये-जा थांबते. मग जवळच्या आप्तांतच प्रजनन होऊन आनुवंशिक विविधता घटते. अवर्षणात एका टापूतील सरडे संपले, तर शेजारून नवे येत नाहीत. बाहेरून सारखे दिसणारे सरडेही एकाच जातीचे असतील असे नाही. गळ्याखाली पंखा असणाऱ्या सरड्यांची शरीररचना व जनुके तपासून शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये एक नवी प्रजाती वेगळी केली आणि मराठी शब्दावरूनच तिला ‘सरडा’ हे नाव दिले.

अमेरिकेतील मिसुरी राज्यात १९८४ पासून काही खडकाळ माळांवर सरडे पुन्हा सोडण्यात आले. मधले रान दाट झाल्याने ते शेजारच्या माळांकडे फिरकले नाहीत. १९९४ पासून नियंत्रित आगीने ते रान विरळ केल्यावर त्यांनी नवे माळ वसविले. याचा अर्थ आपल्याकडे वणवे लावावेत असा नव्हे. तुटलेले टापू जोडावेत, हा त्यातील बोध आहे.

शेतकऱ्यांचा वाटा

कामरगाव ज्या कारंजा तालुक्यात आहे, तेथील कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या माळांनाही हाच नियम लागू पडतो. शेतांचे धुरे, नाल्यांचे काठ आणि गायराने हे या माळांना जोडणारे दुवे होत. उन्हाळ्यात धुरे न जाळणे, दगडांचे ढीग राहू देणे आणि कीटकनाशके जपून वापरणे एवढे प्रत्येक शेतकऱ्यास शक्य आहे. सरडे पिकांवरील कीटकही खातात. तेव्हा धुऱ्यावरचा सरडा राखण्यात शेताचाही लाभ आहे.